वजन माझं, पण त्यात घराणं पण आहे आणि उद्यमबाग पण

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, माझ्याबरोबर शिफ्टला असणारी पोरं आणि गावाकडचे काही जण सारखं विचारतात, वजन कसं कमी केलंस, कुठली पावडर घेतलीस, कुणाचं डाएट केलंस. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. पावडर नाही, आणि नाव असलेलं कुठलं डाएट पण नाही. बेळगावातल्या एका हॉस्पिटलात हॉर्मोनच्या ओपीडीला गेलो, तिथं वर्षभराहून जास्त काळ उपचार चालले, अजून चालू आहेत. टेस्ट, प्रश्न, घरी जाऊन करायची कामं, मधेच अडकून बसलेलं वजन, सगळं सांगतो, कारण तिथं जे समजलं ते मला घरात, कारखान्यात, गल्लीत कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, जांबोटी रोडला आमचं गाव. आयटीआय करून बेळगावात आलो, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, लागलो, लग्न झालं, अनगोळात राहायला लागलो. गावातनं आलो तेव्हा साठ-बासष्ट किलो असेन. चाळिशी यायच्या आत ९४ झालो. उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ३३ च्या वर. कंपनीच्या वार्षिक चेकअपमध्ये एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट, ६.१ आलं (५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी), सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी, बीपी पण वरच्या कडेला. वजन कमी करा असं सगळ्यांनी सांगितलं, पण ते वाढलं कसं हे कुणी विचारलंच नाही.

डॉक्टरबाई धारवाडकडच्या, कन्नड बोलणाऱ्या, मराठी चांगली समजते पण बोलताना मधे मधे कन्नड येतं, मला पण येतं त्यामुळं अडचण नव्हती. मी मनाची तयारी करून गेलो होतो की आता विचारतील काय खाता आणि मग झापतील. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मनेयल्ली यारु यारु इद्दारे, घरात कोण कोण आहे. आई-वडील, आजा-आजी, काका, आत्या, भाऊ, कोण जाड कोण बारीक, कुणाला शुगर, कुणाला बीपी, कोण कशानं गेलं. कागदावर पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल काढून तीन पिढ्यांची वंशावळ मांडली. मग वजन कितव्या वर्षी वाढायला लागलं, काम काय, शिफ्ट कुठली, झोप किती, घोरता काय, दिवसा डुलकी येते काय, कुठल्या गोळ्या चालू आहेत काय, कारण स्टेरॉइडनं, मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी, इन्सुलिननं पण वजन वाढतं. काय खाता हे सगळ्यात शेवटी विचारलं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या आजाराचं चाललंय, माझ्या स्वभावाचं नाही.

मग मापं. कमरेला टेप लावताना पँटच्या पट्ट्याजवळ नाही लावत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावतात, श्वास सोडल्यावर. १०८ सेंटिमीटर आलं. आपल्याकडच्या पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही हद्द. बीएमआयची हद्द पण आपल्याला खाली आणलेली आहे, २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा, गोऱ्या लोकांना ती २५ आणि ३० असते. का, तर त्याच वजनात आपल्या अंगात चरबी जास्त निघते आणि ती पोटात साठते. डॉक्टरबाईंनी याचं एक उदाहरण सांगितलं ते मी नंतर स्वतः शोधून वाचलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या साप्ताहिकात आला होता. दोघांचा बीएमआय सेम, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बाहेरनं बघून कुणाला कळणार?

रक्ताच्या टेस्ट झाल्या. घरात सगळ्यांची खात्री होती की थायरॉइड निघणार, पण टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) नॉर्मल आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, थायरॉइड कमी असला तरी त्यानं थोडेच किलो वाढतात आणि त्यात पण बरंचसं पाणी असतं, तीस किलो त्यानं नाही वाढत. मी विचारलं, जीनची टेस्ट करूया काय? त्या म्हणाल्या, ती टेस्ट अगदी लहानपणी, तान्हं असल्यापासून न भागणारी भूक लागून वजन वाढलेल्या पोरांसाठी असते, लेप्टिन किंवा एमसी४आर असा एकच जीन बिघडलेला असतो तिथं, आणि असे फार थोडे. तुमच्या-माझ्यासारख्यात शेकडो जीन मिळून काम करतात, एकेकाचा वाटा बारीक. २००७ साली सापडलेला एफटीओ त्यातला सगळ्यात जोरदार, आणि त्याची वजन वाढवणारी कॉपी आई आणि बाप दोघांकडनं आली तरी सरासरी फरक तीनेक किलोचाच पडतो. म्हणजे एका जीनला धरून काही होत नाही.

लेप्टिनचं मात्र त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि मला मशीनवाल्याला ते पटकन कळलं. चरबीतनंच निघणारं हॉर्मोन, मेंदूला सांगतं की साठा किती आहे, टाकीतल्या फ्लोटसारखं. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांनी ते शोधलं. साठा कमी झाला की लेप्टिन उतरतं, मेंदू भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. साठा जास्त झाला की उलटं व्हायला पाहिजे, पण जाड माणसाच्या अंगात लेप्टिन भरपूर असून मेंदू त्याला पूर्वीसारखा दाद देत नाही. ही यंत्रणा उपासमारीतनं वाचवायला घडलेली आहे, कॅन्टीनमधल्या वड्यांपासनं वाचवायला नाही.

आता घरी करायचं काम. वंशावळीत मला माहीत नसलेल्या जागा भरून आणायच्या होत्या, म्हणून गावाला गेलो, आईजवळ बसलो. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईनं सांगितलं, मी भर पावसाळ्यात झालो, रोप लावणीच्या दिवसांत. ती दिवस भरेपर्यंत चिखलात वाकून लावणी करत होती, जेवण म्हणजे भात आणि पातळ आमटी, ते पण सगळ्यांचं झाल्यावर. "वजन कुणी बघितलंय रे तुझं," म्हणाली, "तळहाताएवढा होतास, जगतोस का न्हाई म्हणून सगळ्यास्नी भ्या होतं." हे मी ओपीडीत सांगितलं तर डॉक्टरबाईंनी परत याज्ञिकांचंच नाव घेतलं. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी गरोदर बायांचा अभ्यास केला, तिथली पोरं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची साडेतीन किलोची. पण आपल्या पोरांत कमी असतं ते मांस आणि अवयव, कातडीखालची चरबी त्या मानानं राखलेली असते. बारीक दिसणारं पोर आतनं चरबीवालं. पोटात असताना कमी मिळालं की शरीर काटकसर शिकून बाहेर येतं आणि पुढं भरपूर मिळायला लागलं की साठवत सुटतं. मला हे ऐकून आईचं फार वाईट वाटलं. तिनं जे सोसलं त्याचा हिशेब माझ्या पोटावर निघतोय, आणि आयुष्यभर ती मला म्हणत आली की जरा कमी खा रे.

वडिलांकडचं घराणं बघितलं तर आत्या दोन्ही जाड, दोघींना शुगर, काका चाळिशीनंतर सुटले. पण आजोबा शेवटपर्यंत काटक. रक्त तेच, मग आजोबा कसे सुटले नाहीत? आई हसली. आजोबा पहाटे उठून बैलं सोडायचे, नांगर, चिखलणी, डोक्यावरनं भारे, बाजाराला खानापूरला चालत. आणि घरात गोड म्हणजे सणाला, तेल म्हणजे वर्षाचं मोजून. त्यांच्या अंगात जे होतं त्याला वर यायला कधी संधीच मिळाली नाही. आत्या लग्न होऊन हुबळी आणि कोल्हापूरला गेल्या, तिथं मिळाली.

आणि दादा. माझा सख्खा मोठा भाऊ, गावात शेती करतो. तेव्हा तो माझ्यापेक्षा पंचवीस किलोनं तरी कमी होता. मला म्हणाला, "मी तुझ्यापेक्षा दुप्पट भात खाऊलोय की, मग मला का चढत नाही? तुझं ते बसून काम आहे बघ." अर्धं खरं होतं. सख्ख्या भावांत साधारण निम्मे जीन सारखे असतात, म्हणजे आमच्यात फरक पडायला जीनचा पण वाव आहे आणि कामाचा पण. उलटीकडनं बघा, माझी बायको. ती माझ्याच घरात, त्याच डब्यातलं, त्याच वेळेला जेवते, रात्री कुंदा आणला तर माझ्याबरोबर खाते, आणि पन्नासच्या वर कधी गेली नाही. तिची आई, तिचे भाऊ सगळे शिडशिडीत. दादाकडं बघून लोक म्हणतात सगळं कामामुळं, बायकोकडं बघून म्हणतात सगळं रक्तात. एका बाजूनं बघणारा माणूस चुकणारच.

यावर खरंखुरं संशोधन झालंय हे कळल्यावर मी ते वाचत सुटलो. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा अभ्यास १९८६ साली आला, त्यांची अंगकाठी जन्म दिलेल्या आई-बापांशी जुळली, वाढवलेल्यांशी नाही. कॅनडात एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना रोजच्यापेक्षा १००० कॅलरी जास्त खायला घातल्या, असे ८४ दिवस, तो अभ्यास १९९० चा. सगळ्यांनी सारखंच जास्त खाल्लं, पण कुणाचं ४ किलो वाढलं, कुणाचं १३, आणि एकाच जोडीतले दोघं मात्र बऱ्यापैकी सारखे वाढले. आपल्याकडं म्हणतात ना, याच्या अंगाला लागतं आणि त्याच्या लागत नाही, ते डोळ्यानं बघून म्हटलेलं खरंच होतं. पण लक्षात घ्या, जास्त खायला घातलं तेव्हाच तो फरक दिसला. घातलंच नसतं तर सगळे बारीकच राहिले असते.

मग माझं जास्त कुठनं येत होतं? त्यासाठी डाएटिशियननं डायरी लिहायला लावली, फक्त काय खाल्लं ते नाही, कुठं खाल्लं, किती वाजता, त्याच्या आधी किती झोपलो होतो, भूक होती का समोर आलं म्हणून. लिहिल्यावर चित्र स्वच्छ निघालं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात माझं जेवण दादासारखंच साधं. नाईटच्या आठवड्यात सगळं बदललेलं. पहाटे दोनला कॅन्टीनमध्ये वडा, भजी, आणि आधीच साखर टाकलेला चहा, दुसरं काही नसतंच. सकाळी सुटल्यावर गेटच्या बाहेर पडडू (आप्पे), पुरीभाजी, परत चहा. घरी येऊन झोपायला जावं तर गल्लीत आवाज, पोरीची शाळेची गडबड, चार-साडेचार तास झोप. संध्याकाळी उठलं की अंगात काहीच नाही असं वाटायचं आणि हात गोबी मंचुरीच्या गाड्याकडं किंवा फरसाणच्या पाकिटाकडं जायचा. झोप तोडल्यावर काय होतं याचा एक छोटा अभ्यास आहे २००४ चा, १२ तरुण पोरांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, लेप्टिन १८ टक्के उतरलं आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के चढलं. बारा जणांचाच आहे, पण नाईट करणारा कुणीही सांगेल की असंच होतं.

पाकिटांचं पण तसंच. अमेरिकेत केविन हॉल यांनी २० जणांना हॉस्पिटलातच ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार खाणं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं खाणं दिलं, पाहिजे तेवढं खा म्हणून. साखर, चरबी, मीठ, फायबर दोन्हीत जुळवलेलं. तरी तयार खाण्याच्या वेळी माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, न कळत. २०१९ चा आहे तो अभ्यास. आणि चालायचं म्हणाल तर अनगोळहून उद्यमबाग लांब नाही, पण ट्रकच्या शेजारनं, धुळीतनं चालत कोण जाणार, सगळे गाडीवर.

उपचार ऐकायला साधे आहेत. टार्गेट २० किलोचं दिलं नाही, आधी पाच-सात टक्के एवढंच. भात बंद केला नाही, त्याबद्दल मी डॉक्टरबाईंचा आभारी आहे, बेळगावच्या माणसाला भात सोड म्हणणं म्हणजे उपचार सोड म्हणण्यासारखंच. ताटात आधी मसुराची नाहीतर मटकीची उसळ आणि भाजी, मग भात, कमी. नाईटला घरनं डबा, भाकरी, उसळ, ताक. नाईटवरनं आल्यावर खोलीला जाड पडदा, फोन बंद, आणि पोरीला शाळेला सोडायचं काम त्या आठवड्यात बायकोनं घेतलं. सुट्टीच्या आणि फर्स्टच्या दिवसांत टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालणं, तिथं झाडी आहे, माणसं असतात, भीती नाही. आठवड्यातनं थोडे वजन उचलायचे व्यायाम, मांस टिकावं म्हणून. हळूहळू ८७ पर्यंत आलो. एचबीएवनसी ५.७ वर आलं, घोरणं कमी झालं.

आणि मग अडकलं. तेच खाणं, तेच चालणं, काटा हलेना, उलट भूक अशी लागायची की पहिल्या दिवसांत पण लागली नव्हती, जेवून उठलो तरी डोक्यात जेवणच. कंपनीतले म्हणायला लागले, ढिला पडलास काय. इथं बहुतेक जण सोडतात, आणि मी का सोडलं नाही तर ओपीडीत आधीच सांगून ठेवलं होतं की असं होणार. वजन उतरलं की शरीर त्याला उपासमार समजतं. ऑस्ट्रेलियातला २०११ चा अभ्यास आहे, वजन कमी केलेल्यांची भुकेची हॉर्मोनं एक वर्षानंतर पण चढलेलीच होती. अमेरिकेतल्या वजन कमी करायच्या टीव्ही शोमधल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, बहुतेकांचं वजन परत आलेलं, तरी शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. त्या माणसांनी टीव्हीवर जिवाचं रान केलं होतं. त्यांना आळशी म्हणायची कुणाची हिंमत आहे?

इंजेक्शनचं पण बोलणं झालं, सेमाग्लुटाइड वगैरे. आपल्याच आतड्यातनं निघणाऱ्या जीएलपी-१ या हॉर्मोनसारखं औषध, मेंदूला पोट भरल्याचं सांगतं. काम करतं, पण थांबवलं की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, एका अभ्यासात वर्षभरात दोन तृतीयांश परत आलं, म्हणजे बीपीच्या गोळीसारखं चालू ठेवायची तयारी पाहिजे, आणि खर्च. सध्या माझे रिपोर्ट सुधारलेत म्हणून आम्ही थांबलोय, पण ज्याला गरज आहे त्यानं घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. माझं वजन आता ८८ च्या आसपास टिकून आहे आणि डॉक्टरबाई म्हणतात हे टिकवणं हाच उपचार.

वर्क्स कमिटीत, म्हणजे कामगार आणि मॅनेजमेंटच्या कंपनीतल्या समितीत, आम्ही काही जणांनी मिळून नाईटच्या कॅन्टीनचा विषय मांडला. आता पहाटे चपाती-उसळ आणि ताक पण मिळतं, चहाची साखर वेगळी ठेवतात. वडा पण आहे, ज्याला पाहिजे त्यानं खावा. पण उसळ आधी संपते.

दादाचं मात्र मधल्या काळात बदललं. त्यानं पॉवर टिलर घेतला, लावणीला माणसं घालतो, बाजाराला गाडीवर जातो. भात पूर्वीएवढाच खातो. दिवाळीला बघितला तर शर्टाची बटणं ताणलेली. मी काही बोललो नाही, त्यानंच विचारलं, "माझं पण चढूलंय वाटतं रे?" पुढच्या महिन्यात त्याला त्याच ओपीडीला नेणार आहे. त्याच्या पोराला पण बरोबर आण म्हणून सांगितलंय, दहावीला आहे, क्लास आणि मोबाईल यातनं उठत नाही आणि आत्तापासनंच पोट दिसतंय. तोवर त्याला कुणी ढोल्या म्हणून हाक मारायची नाही, हे घरात सगळ्यांना, आईला सुद्धा, बजावून आलोय.